फडताळातला सर्व्हर आणि रात्री नऊची रेघ

शाळेत मला इतिहास शिकवणारे सर निवृत्तीनंतर मोडी कागदांच्या वाचनात गढून गेले आहेत. आसपासच्या गावांतली माणसे घरातले जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, घेऊन त्यांच्या सातार्‍याच्या घरी येतात. सर ते रुमाल सोडवतात, एकेक पान स्कॅन करतात, मजकूर वाचून देतात आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत करतात. मागे उरतात त्या फक्त प्रतिमा. ए-फोर आकाराचे एक पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केले आणि काही न गाळता साठवले, तर ते सुमारे १०० मेगाबाइट होते. अशी एकोणतीस हजारांच्या आसपास पाने त्यांच्या घरच्या सर्व्हरवर आहेत. सर्व्हर म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यात चार टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जाईल अशी रेड-१ मांडणी, आणि रोज रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर होणारा बॅकअप.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी रात्री त्यांचा फोन आला. दर दोन-तीन दिवसांनी रात्रीच्या वेळी सर्व्हर अडकतो, फोल्डर उघडत नाहीत, आणि एकदा तर एक डिस्क जोडीतून बाहेर पडली होती. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले, तेव्हा तिथल्या माणसाने डिस्कच्या तब्येतीच्या यादीतल्या एका आकड्यावर बोट ठेवले आणि डिस्क संपली, दोन्ही बदला, असे सांगितले. सरांनी मला विचारले, "घेऊ का गं नव्या?" मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले. पुण्यातल्या लहान कार्यालयांच्या सर्व्हरची देखभाल हा माझा व्यवसाय आहे, आणि मोजमाप हाती येण्याआधी एकही भाग बदलायचा नाही हा नियम मी कटाक्षाने पाळते. शनिवारी सकाळी साडेआठला मी सातार्‍यात होते.

तो आकडा मी आधी पाहिला. डिस्क स्वतःबद्दलच्या नोंदी स्वतःच ठेवते. त्या नोंदींना स्मार्ट म्हणतात आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. दुसर्‍या डिस्कच्या १९९ क्रमांकापुढे १,२१४ लिहिलेले होते. ५ आणि १९७ या क्रमांकांपुढे मात्र शून्य होते. पृष्ठभागावरची जागा खराब होऊ लागली की ५ आणि १९७ हलतात. १९९ वाढतो तो केबलमधून आलेली माहिती डिस्कपाशी पोहोचेपर्यंत बिघडलेली आढळली की. म्हणजे संशय डिस्कपेक्षा केबलवर जास्त होता. पण एवढ्यावरून निकाल देणे मला पटेना, कारण १९९ चा आकडा कधीच खाली येत नाही. चार वर्षांपूर्वी केबल सैल राहिली असेल, त्या वेळी हजारभर चुका झाल्या असतील आणि पुढे कोणी ती घट्ट बसवली असेल, तरीही आज तिथे हजार दिसणारच. १,२१४ या आकड्यात किती हे कळते, केव्हा हे कळत नाही. सरांच्या सर्व्हरवर कसलीही देखरेख नव्हती, त्यामुळे हे 'केव्हा' सांगू शकणारे त्या घरात काहीच नव्हते.

म्हणून आधी देखरेखीचा फलक उभा करायचे ठरवले. प्रोमिथियस हे साधन ठरावीक अंतराने सर्व्हरकडे जाऊन आकडे मागून आणते आणि वेळेसकट साठवते. नोड एक्स्पोर्टर हा छोटा कार्यक्रम ते आकडे ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर तयार ठेवतो. आणि साठलेल्या आकड्यांचे आलेख ग्राफाना काढते. सरांनी खर्चाचे विचारले. प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड या ध्वनिमुद्रणांच्या संकेतस्थळाच्या कंपनीत सुरू झाले, ते आणि ग्राफाना दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि घरच्या वापराला एक रुपयाही लागत नाही, असे मी सांगितले. जागा किती खाईल, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. साधारण हजार आकडे, दर १५ सेकंदांनी एकदा, प्रत्येक नोंदीला एक ते दोन बाइट, असा हिशेब मी कागदावर मांडला. तो वर्षाला दोन ते चार गीगाबाइट भरला. "म्हणजे माझी फार तर चाळीस पाने," सर म्हणाले. मूळ मांडणीत प्रोमिथियस पंधरा दिवसांच्याच नोंदी राखते. मी ती मुदत एक वर्ष केली, कारण अशा जुन्या घरात उन्हाळा आणि हिवाळा शेजारी ठेवून पाहता आले पाहिजेत.

ग्राफानासाठी तयार फलक पुष्कळ मिळतात आणि फलकाचा क्रमांक टाकून ते आयात करता येतात, पण त्यांत आलेखांची इतकी दाटी असते की रोज बघणार्‍या माणसाची नजर कुठेच ठरत नाही. मी सहाच चौकटी केल्या: दोन्ही डिस्कचे तापमान, संगणकाच्या पेटीतले तापमान, उरलेली जागा, यंत्रावरचा भार, बॅकअप शेवटचा केव्हा पुरा झाला ती वेळ, आणि १९९ चा आकडा. सगळी नावे मराठीत दिली. सुरुवातीचा परवलीचा शब्द बदलला आणि फलक घराच्या जाळ्याबाहेर उघडू दिला नाही.

डिस्कच्या नोंदी नोड एक्स्पोर्टर स्वतः आणत नाही. त्यासाठी दर पाच मिनिटांनी चालणारी एक स्क्रिप्ट लिहावी लागते. ती आकडे एका फाइलीत लिहिते आणि नोड एक्स्पोर्टर ती फाइल वाचतो. दुपारी बाराच्या सुमारास सर पडद्यासमोर बसले आणि डिस्कच्या तापमानाच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे बोरू उचललेला दिसतो." खरोखरच रेघ अधूनमधून तुटत होती. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरे लिहीत जातो. अशी पाने वर्षानुवर्षे वाचणार्‍या डोळ्यांना माझ्याआधी ती तूट दिसली. दोष माझ्या स्क्रिप्टचा होता. ती थेट मूळ फाइलीत लिहीत होती, डिस्कना विचारून उत्तर यायला तीन-चार सेकंद जात होते, आणि नेमक्या त्या सेकंदांत प्रोमिथियसची फेरी आली की फाइल रिकामी सापडत होती. आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहायचे आणि मग एका झटक्यात नाव बदलायचे, एवढा बदल केला आणि रेघ सलग झाली.

दुपार शांत गेली. बाराला डिस्कचे तापमान ४१ अंश होते, तीनला ४३. काकूंनी वाढलेले जेवण झाले, सरांनी सात-आठ पाने स्कॅन केली, १९९ चा आकडा १,२१४ वरून हलला नाही. पाचनंतर मात्र तापमानाची रेघ चढू लागली. यंत्रावरचा भार जवळजवळ शून्य होता, बाहेर ऊन उतरत होते, तरी सहाला ४७, सातला ५० आणि आठला ५२ अंश झाले. पेटीतले तापमानही त्याच चालीने वर जात होते. म्हणजे उष्णता डिस्कची नव्हती, बाहेरून येत होती.

सर्व्हर मागच्या खोलीतल्या फडताळात ठेवलेला होता. मी आत हात घालून मागची बाजू चाचपली आणि हात मागे घ्यावा लागला, इतकी ती तापलेली होती. घराच्या भिंती जाड आहेत, पण फडताळ भिंतीत खोल असल्याने त्याच्या मागे विटेचा जेमतेम एकच थर उरतो, आणि ती भिंत पश्चिमेची. दुपारनंतर तिच्यावर पडलेले ऊन विटेतून आत झिरपायला तीन-चार तास घेते. सर उन्हाच्या भीतीने दुपारी फडताळाचे दार उघडे ठेवत आणि संध्याकाळी, डास येतात म्हणून, बंद करत; जेव्हा खरी गरज होती तेव्हाच ते दार बंद असे. बॅकअपची वेळ होती रात्री नऊ.

मला वाटले, सापडले. उष्णता आणि त्यात बॅकअपचा भार, यंत्र अडकणारच. ही समजूत इतकी चोख बसत होती की मी सरांना तसे सांगूनही टाकले. पण हाताशी आलेख होते, म्हणून तापमानाची चौकट आणि १९९ ची चौकट एकाखाली एक, एकाच वेळपट्टीवर लावून आम्ही दोघे नऊची वाट पाहत बसलो. तापमान पाच वाजल्यापासून चढत होते आणि १९९ ची रेघ त्या चार तासांत तसूभर हलली नव्हती. नऊ वाजता बॅकअप सुरू झाला. नऊ पाचच्या नोंदीत १,२२१ आले, नऊ दहाला १,२३८. नऊ चौदाला फोल्डर उघडेनासे झाले आणि सर्व्हरच्या नोंदवहीत 'हार्ड रिसेटिंग लिंक', म्हणजे डिस्कशी जोडणी नव्याने जुळवतो आहे, ही ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली. सरांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेला होता.

तरीही दोन्ही कारणे एकत्र हजर होती आणि ती वेगळी करणे आवश्यक होते. बॅकअप थांबवला, फडताळ सताड उघडले, समोर टेबलफॅन लावला. सव्वादहापर्यंत डिस्क ४४ अंशांवर आल्या. मग त्याच थंड यंत्रावर बॅकअप पुन्हा चालू केला. दहा मिनिटांत आकडा १,२६३ वरून १,२९० वर गेला. उष्णता या बाबतीत निर्दोष ठरली आणि मी तासाभरापूर्वी खात्रीने सांगितलेले कारण मला मागे घ्यावे लागले.

यंत्र बंद करून पेटी उघडली. दुसर्‍या डिस्कची साटा केबल पेटीच्या झाकणाने दाबली जाऊन काटकोनात मुडपलेली होती, आणि तिच्या टोकाला ती अडकवून धरणारी पातळ धातूची पट्टीच नव्हती. बोटाने हलवले तरी टोक डुलत होते. दिवसभर थोडीथोडी ये-जा असे तेव्हा चुकांना फारशी संधी नव्हती, रात्री गठ्ठ्याने माहिती वाहू लागली की चुका ढिगाने होत. माझ्या पिशवीत पट्टीवाली केबल होती, बाजारात तिला शंभर-दीडशे रुपये पडतात. ती झाकणाला न लागेल अशी वळवून बसवली. अकराला बॅकअप तिसर्‍यांदा सुरू केला. साडेअकरापर्यंत आम्ही १,३०६ हा आकडा पाहत बसलो. तो १,३०६ च राहिला. मग सर्व्हर हलवण्यासाठी तो बॅकअप अर्ध्यातच थांबवला.

उष्णता निर्दोष ठरली ती चुकांपुरतीच. बहुतेक हार्ड डिस्कना उत्पादक ६० अंशांच्या आसपासची मर्यादा घालून देतात आणि मे महिना अजून यायचा होता, तेव्हा सर्व्हर त्याच रात्री मधल्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत हलवला आणि बॅकअपची वेळ दुसर्‍या दिवसापासून पहाटे साडेचार केली. इशारेही बांधले: डिस्क दहा मिनिटे सलग ५० अंशांवर राहिली, १९९ वाढला, किंवा ३६ तास बॅकअप पुरा झाला नाही, तर सरांच्या फोनवर टेलिग्रामने मराठीत निरोप जावा. उरलेली जागा आताच्या वेगाने साधारण सात महिने पुरेल, हेही फलकावर दिसू लागले.

सरांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. "माझी पाने शाबूत आहेत ना?" केबलवरची चूक पकडली गेली की माहिती पुन्हा मागवली जाते, त्यामुळे बिघडलेली माहिती गुपचूप लिहिली जाण्याचा संभव फार कमी असतो, पण परत दिलेल्या कागदांच्या बाबतीत 'फार कमी' या शब्दांवर मी त्यांना झोपायला लावू शकत नव्हते. सर्व्हरवरच्या आणि बाहेरच्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढून ताडून पाहण्याचे काम रात्री बाराला लावले. त्याला जवळजवळ सात तास लागले.

रविवारी सकाळी यादी आली. दोन्हीकडे असलेली सर्व पाने तंतोतंत जुळली होती. ९६ पाने मात्र बाहेरच्या डिस्कवर पोहोचलीच नव्हती, कारण आधीच्या दोन रात्री बॅकअप अर्ध्यातच मेला होता आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. सरांनी फाइलींची नावे पाहिली आणि रुमाल ओळखला. तो रुमाल त्याच आठवड्यात गावी परत गेला होता. त्यांनी सर्व्हरवरचे शेवटचे पान उघडून मोठे केले, पहिल्या ओळीपासून पुटपुटत खालपर्यंत वाचले आणि मगच मला बॅकअप चालू करायला सांगितले. ९६ पाने पोहोचली. काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो तोवर निवला होता. सरांनी बाहेरच्या डिस्कवरची पाने मोजली, आकडा आपल्या वहीत लिहिला आणि त्याच्या शेजारी १,३०६ लिहून तारीख घातली.