नॅनो क्रीममधलं झाडाचं औषध कातडीतून आत जातं का?

'नॅनो', म्हणजे डोळ्याला न दिसणारे अतिबारीक कण, लिहिलं की वस्तू थेट आत घुसते असं बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलंय. जाहिरातीतलं चित्र पण तसंच असतं, बारके सोनेरी गोळे कातडी भेदून सरळ रक्तात. या विषयावर मी बरंच वाचत असते (का ते विचारू नका, वेड लागलंय एवढंच) आणि माझं मत असं झालंय की ते चित्रच चुकीचं आहे, नॅनोचा उपयोग मात्र खरा आहे, फक्त तो वेगळ्याच ठिकाणी आहे.

आधी कातडी बघू. सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि खरी अडवणूक तोच करतो. मेलेल्या चपट्या पेशींच्या विटा आणि मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड यांचं सिमेंट. यातून जायचं तर रेणू लहान हवा, तेलात विरघळणारा हवा आणि थोडा पाण्यातही, कारण ही भिंत संपली की खाली जिवंत पेशींचा पाणीदार भाग लागतो. बॉस आणि माइनार्डी या दोघांनी २००० साली ढोबळ नियम मांडला, ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) वरचा रेणू धडधाकट कातडीतून जाणं अवघड.

गंमत म्हणजे झाडांतले काही रेणू या परीक्षेत आरामात पास होतात, नॅनोबिनो काही न लागता. धोतऱ्याच्या कुळातलं स्कोपोलामाइन घ्या, गाडी लागते त्यावरचा त्याचा पॅच अमेरिकेत १९७९ ला मंजूर झाला, तिथला पहिलाच ट्रान्सडर्मल, म्हणजे कातडीतून औषध अंगात सोडणारा, पॅच. कानामागे चिकटवायचा आणि तीन दिवसांत मिळून साधारण १ मिलिग्रॅम औषध अंगात जातं, बस एवढंच. तंबाखूतलं निकोटिन तर फक्त १६२ डाल्टन. मिरचीतलं कॅप्सेसिन ३०५, त्याचा ८ टक्क्यांचा पॅच नसांच्या दुखण्यावर वापरतात आणि लावणाऱ्याला हातमोजे घालावे लागतात, का ते मिरच्या चिरलेल्या कुणालाही सांगायला नको. तर मुद्दा नुसत्या आकाराचा नाही, मात्रेचा पण आहे. मिलिग्रॅममध्ये काम करणारा रेणू या वाटेने चालतो, ज्याला ग्रॅमभर लागतं त्याला कितीही बारीक करा, कातडीतून तेवढं जाणारच नाही.

आता हळदीतलं कर्क्युमिन. ३६८ डाल्टन, म्हणजे आकाराची अडचण नाही, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात मोडतं, अल्कलाइन पाण्यात तर अजून पटकन मोडतं, आणि न विरघळता कण होऊन क्रीममध्ये पडून राहिलं तर पिवळ्या डागापलीकडे फार काही हाती लागत नाही. इथे नॅनो कामाला येतं. लिपोसोम (लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या, आवरणाचे बारके पोकळ गोळे), नॅनोइमल्शन (पाण्यात तेलाचे अतिबारीक थेंब), लिपिडचे घट्ट कण, काहीही घ्या, मूळ काम रेणूला विरघळलेल्या अवस्थेत ठेवायचं, सांभाळायचं आणि कातडीवर पातळ सारखं पसरवायचं. गोळा स्वतः बहुतेक वेळा वरच फुटतो, त्याचं लिपिड कातडीच्या लिपिडमध्ये मिसळतं आणि औषध तिथून पुढे एकटं जातं.

१९८० मध्ये मेझाई आणि गुलासेखरम यांनी सशांच्या कातडीवर लिपोसोममधलं एक स्टेरॉइड लावून बघितलं, झाडाचं औषध नव्हतं ते, पण निकाल फार बोलका आहे. साध्या लोशनपेक्षा कातडीत औषध चारपाच पट साठलं आणि शरीरात आत कमी गेलं. म्हणजे लिपोसोमने औषध आत ढकललं नाही, कातडीतच थोपवून धरलं! पुढे १९९० च्या दशकात ट्रान्सफरसोम म्हणजे लवचिक लिपोसोम आले, २००० च्या सुमाराला इथोसोम म्हणजे भरपूर अल्कोहोल घातलेले लिपोसोम आले, ते जास्त खोल नेतात असं त्यांच्या अभ्यासांत दिसतं, तरी माझा जीव त्या सशांच्या निकालातच अडकलाय. कारण सोरायसिस, एक्झिमा असल्या कातडीच्याच दुखण्यांना औषध तिथेच राहायला हवं असतं. आणि हो, कण केसांच्या मुळांपाशी पण साठतात, ३२० नॅनोमीटरचे कण मसाज करून लावले तर डुकराच्या कातडीत ते केसांच्या मुळांच्या खोबणीत खोल गेले, आणि माणसाच्या कातडीत तिथे १० दिवसांपर्यंत टिकलेले सापडले.

जखमेचा हिशोबच वेगळा, तिथे भिंतच पडलेली असते. मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड ९५९ डाल्टनचं, धडधाकट कातडीतून त्याने जायची आशा कमीच, पण उघड्या जखमेवर तो नियम लागूच होत नाही. बर्च झाडाच्या सालीच्या अर्काचं जेल कातडी सारखी सोलवटणाऱ्या एका जन्मजात आजारात जखमांसाठी युरोपात २०२२ ला आणि अमेरिकेत २०२३ ला मंजूर झालं, ते चक्क तेलातलं जेल आहे, नॅनो नाही. जखमेत आत शिरणं हा प्रश्न नसतोच, औषध धुऊन न जाता हळूहळू सुटत राहणं हा असतो, म्हणून तिथे नॅनोफायबरची, म्हणजे अतिबारीक धाग्यांची, ड्रेसिंग मला जास्त पटतात. इथोसोम तिथे नको, अल्कोहोलने नुसती आग होईल.

एखाद्या शोधनिबंधात 'शोषण पाच पट वाढलं' वाचलं तर कशाच्या पाच पट ते आधी बघा. बऱ्याचदा तुलना पाण्यात ढवळलेल्या पावडरीशी असते आणि कातडी डुकराच्या कानाची असते, काचेच्या भांड्यात ताणून बसवलेली. चांगल्या साध्या क्रीमशी तुलना केली की आकडा बराच खाली येऊ शकतो.

ट्यूबवरच्या 'नॅनो' शब्दाचं पण ऐका. युरोपात २०१३ पासून कॉस्मेटिकच्या घटकांच्या यादीत नॅनो असं लिहायची सक्ती आहे, पण ती न विरघळणाऱ्या, टिकून राहणाऱ्या कणांसाठी, म्हणजे सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडसारख्यांसाठी. लिपोसोमसारखे विरघळून जाणारे मऊ गोळे त्या व्याख्येत बसतच नाहीत. त्यामुळे हर्बल जेलवर मोठ्या अक्षरात नॅनो छापलेलं असतं ते बहुतेक कुणी सक्ती केली म्हणून नसतं.