काकू, कुठली गोळी घेता?

अजिंक्यताऱ्यावर सकाळी भेटणारी मंडळी, सोसायटीतल्या बायका, परवा तर राजवाड्यापाशी भाजी घेताना एक ताई, सगळ्यांचा प्रश्न एकच, काकू साठीला आलात तरी न थांबता गड चढता, ताकदीची कुठली गोळी घेता? तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी गडाच्या वाटेवर चार भिंती नावाची जागा आहे, तिच्या चढावरच बसायचे. पाय जड, तळव्यांना मुंग्या, जीभ लालभडक, साधी आमटीसुद्धा झोंबायची. मला वाटलं वय झालं, म्हणून ताकदीसाठी विकतात त्या क्यू१० (कोएन्झाइम क्यू१०) गोळ्यांची महागडी बाटली मागवली आणि सहा महिने नेमानं घेतली. पेशीत मायटोकाँड्रिया म्हणून बारीक बारीक भट्ट्या असतात, आपण खाल्लेल्या अन्नातून तिथं एटीपी म्हणजे ऊर्जा तयार होते आणि त्या कामाला क्यू१० लागतं, १९५७ मध्येच ते सापडलंय, हे सगळं खरं आहे हो, पण माझ्या मुंग्या काही हलल्या नाहीत.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, शुगरची गोळी किती वर्षं चालूये? म्हटलं मेटफॉर्मिन, अकरा वर्षं. त्यांनी लगेच रक्तातल्या बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायला लावली, आलं १३८, निदान २०० च्या वर तरी पाहिजे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की कितीतरी जणांना बी१२ नीट शोषलं जात नाही, त्यात आमचं घर माळकरी, मटण-अंडी नाहीच, दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. आणि त्या भट्टीला बी१२ पण लागतं, रक्ताला आणि नसांना तर लागतंच लागतं. इंजेक्शनं झाली, मग गोळी. जीभ दीड महिन्यात बरी झाली, पण मुंग्या जायला आठ महिने लागले आणि डाव्या करंगळीत अजून आहेत, नसांचं असंच असतं, उशीर केला की पूर्ण भरून येईलच असं नाही. त्या सहा महिन्यांचं मला फार वाईट वाटतं.

तर मी बी१२ घेते, आणि ड जीवनसत्त्व कमी निघालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितले तेवढे आठवडे ते घेतलं, बास. हल्ली सगळे एनएमएनचं, म्हणजे म्हातारपण लांबवायला म्हणून विकतात त्या गोळीचं विचारतात, त्यानं रक्तातलं एनएडी, म्हणजे त्या भट्ट्यांना लागणारं आणखी एक द्रव्य, वाढतं हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलंय, पण माणूस जास्त जगतो हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. पैसे घालण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ तरी बघा. आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्यू१० घेऊ नका, दोन्हींचं पटत नाही. बाकी चढण्यानं त्या भट्ट्या वाढतात, साठीतसुद्धा, म्हणून गड मी सोडत नाही.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी काल म्हणाल्या जिभेची आग होतीये, त्यांनाही मेटफॉर्मिन चालूये. उद्या गड राहू दे, आधी त्यांना घेऊन लॅबला जाणारे.