तात्या गेले ते कळलंच नाही

गुरुवार, रात्री पावणेअकरा. पाऊस लागून राहिलाय.

वाचतेय त्या कादंबरीत पान 171 वर वाक्य आलं की तात्यांच्या वर्षश्राद्धाला थोरला आलाच नाही. तीनदा वाचलं. वर्षश्राद्ध? तात्या गेले कधी?

मग उलगडा झाला. लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी, जी मी खूण म्हणून ठेवते, ती होती पान 112 वर. सोमवारी चिनूने ती कशाला तरी घेतली आणि "होती तिथेच" परत ठेवली. तिची 'तिथेच' ही जागा पान 148 होती. मधली 36 पानं मी वाचलेलीच नाहीत. आत्ता चाळून बघितलं तर तेवढ्यात तात्या आजारी पडले, मिरजेला नेले, गेले, दिवस झाले, वाटण्यांची कुजबुजही सुरू झाली. आणि मी मंगळवार, बुधवार आणि आज मिळून 23 पानं बिनघोर वाचून काढली. तात्या दिसत नव्हते, पण मला वाटलं तालुक्याला कोर्टाच्या तारखेला गेले असतील. येतील.

चिनूवर राग नाही. राग याचा आहे की तीन दिवस मला कळलं कसं नाही.

आधी वाटलं झोपेत वाचलं असेल. तसंही नाही. आजची पानं चिनूच्या क्लासच्या बाहेर बाकावर, टक्क जागेपणी वाचली होती. मग वाटलं, पानांच्या हिशेबाने डोकं फिरवलंय. हिशेब तसा साधा आहे. यंदा वाचनाचं आव्हान घेतलंय, वर्षाला 24 पुस्तकं, सरासरी 220 पानांचं एक, म्हणजे 5280 पानं. 365 ने भागलं तर रोज साडेचौदा. पण घर असलेल्या माणसाने 365 ने भागायचं नसतं. पाहुणे, ताप, सहामाही-वार्षिक परीक्षा, गणपती, दिवाळी, लग्नसराई असे पासष्ट दिवस आधीच वजा करायचे आणि 300 ने भागायचं. मग आकडा येतो रोज 18. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात, सरळ गद्य असेल तर एका पानाला दीड मिनिट. म्हणजे 18 पानांना 27 मिनिटं. जानेवारीत हे वाचायला किती सोपं वाटलं होतं.

फसगत इथे होते की 27 मिनिटं सलग मिळाली तर 18 पानं होतात आणि सात-सात मिनिटांच्या चार तुकड्यांत मिळाली तर तेराच. दर वेळी ओळ शोधायची, परिच्छेदभर मागे जायचं, कोण कुणाला बोलतंय ते जुळवायचं, आणि जरा रंग भरतोय तोवर बेल वाजते. मुंबईची माणसं लोकलमध्ये वाचतात. बसायला जागा मिळाली की तास-तासभर सलग. सांगलीत स्कूटरवर काय वाचणार? आपल्याला सापडतात ते फक्त सांदीकोपरे.

ते सांदीकोपरे मी सात महिन्यांत चांगले ओळखून घेतलेत, तेवढं श्रेय स्वतःला देते. कुकर लावल्यावर बारा मिनिटं असतात, पण शिट्ट्या मोजणं आणि वाचणं एकत्र होत नाही. दुसरी शिट्टी की तिसरी हा वाद स्वतःशीच होतो आणि डाळीची पेज होते. त्यामुळे मोबाइलवर गजर लावायचा आणि शिट्ट्यांकडे कान द्यायचाच नाही. या वेळात कादंबरी उघडू नये. ललित लेख किंवा बारा-पंधरा पानांची कथा घ्यावी, दोन कुकरांत एक कथा होते. क्लासच्या बाहेरची पंचेचाळीस मिनिटं हातात पस्तीसच येतात, कारण सुरुवातीला इतर आया बोलतात आणि शेवटी चपला शोधायच्या असतात. पण ती सलग असतात, म्हणून कादंबरी तिथेच. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हाची वीस मिनिटं डोकं सगळ्यात स्वच्छ असतं. इतिहास, चरित्र, जड काही असेल ते त्या वेळेला. रात्री दहानंतर जे वाचू ते तिसऱ्या पानाच्या पुढे जात नाही, आणि ती तीन पानंही सकाळी परत वाचावी लागतात. ती पानांच्या हिशेबाच्या वहीत धरायची नाहीत. मी एप्रिलपर्यंत धरत होते.

एका वेळी दोन पुस्तकं चालतात, एक कादंबरी आणि एक कथांचं किंवा लेखांचं. दोन कादंबऱ्या मात्र कधीही नाहीत. फेब्रुवारीत केलं होतं, एकीतली सून दुसरीतल्या वाड्यात नांदायला लागली.

वाचनालयाचं गणितही यातच बसवावं लागतं. आमच्याकडे पुस्तक पंधरा दिवसांना मिळतं. अठरा गुणिले पंधरा, 270. म्हणजे 270 पानांपर्यंतचं पुस्तक एका खेपेत होतं, त्याहून जाड असेल तर मुदत वाढवायला जावं लागणार हे घेतानाच धरून चालायचं. हे आत्ताचं 386 पानांचं आहे. एकदा वाढवून झालंय. पाऊस असला की पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी डिकीत नाही, पर्समध्ये. डिकीत पाणी जातं. 2019 च्या पुरानंतर शहरातल्या किती घरांमधून फुगलेली पुस्तकं रस्त्यावर आली ते सगळ्यांनी पाहिलंय. साधा कागद वाळवला तर निदान वाचण्याजोगा राहतो, गुळगुळीत कागदाची पानं मात्र एकमेकांना चिकटून वीट होते. तेव्हापासून आमच्याकडे खालच्या दोन फळ्यांवर पुस्तक नाही, वाट्या आणि डबे.

पण मूळ प्रश्न तसाच. कळलं कसं नाही?

नमूताईची 41 पुस्तकं झालीत. जुलैतच. तिने फोनवर सहज सांगितलं, अगदी सहज. तिच्याकडे आहे तरी कोण घरात... जाऊ दे. माझी 11. पानांत सांगायचं तर 2390, आणि जुलैअखेर व्हायला हवी होती 3080. म्हणजे 690 मागे. उरलेल्या पाच महिन्यांतले सणावाराचे तीस दिवस सोडले तर रोज साडेतेवीस पानं वाचावी लागतील. या सगळ्यात घरात कुणी विचारलंय का, की बाई, कुठलं वाचतेयस? यांना पुस्तकाचा रंग माहीत आहे, कारण चहाचा कप त्याच्यावर ठेवायचा नसतो. आणि तात्या मेले तरी मला कुणी सांगायला आलं नाही.

हे वरचं वाक्य लिहून झाल्यावर हसू आलं. कोण येणार होतं सांगायला? पोस्टकार्डाचा कोपरा फाडून?

बरं, पान मोजणं तरी कुठे प्रामाणिक आहे? जुनी आवृत्ती बारीक टायपात 160 पानांची असते, तीच नव्याने निघते ती मोठ्या अक्षरांत, भरपूर मोकळ्या जागेसकट, 220 ची. शब्द तेवढेच, आव्हानात साठ पानांचा नफा. पुस्तकं मोजली तर आणखी वाईट. डिसेंबरात लोक नव्वद-नव्वद पानी पुस्तकं शोधत फिरतात. कवितांचं तर पानात मोजूच नये. एका पानावर आठ ओळी आणि त्या आठ ओळींवर दोन दिवस. मी कवितासंग्रह वहीच्या मागच्या पानावर लिहिते, बेरजेत नाही. दिवाळी अंक धरायचा की नाही यावर माझ्या मनात अजून निकाल लागलेला नाही. दोनशेच्या वर पानं, पण त्यातली जाहिराती आणि राशिभविष्य वजा केलं पाहिजे. राशिभविष्य मी वाचते, तो भाग वेगळा.

ऐकलेल्या पुस्तकाचंही तेच. पोळ्या लाटताना लेख, प्रवासवर्णन छान ऐकून होतं. नात्यांचा गुंता असलेली कादंबरी होत नाही, कारण कणीक संपली म्हणून डब्याकडे वळलं तेवढ्यात एक आत्या येऊन जाते. मागे सरकवायला हाताला पीठ. तसंच पुढे.

तसंच पुढे. हेच असावं बहुतेक.

वाचताना काही लागलं नाही की मी काय करते? मागे जाऊन बघत नाही. मला वाटतं मीच विसरले असेन. पान 149 वर वाड्याच्या पायरीवर पांढऱ्या लुगड्यातली काकू होती. मी वाचलं आणि क्षणभर अडखळले, हे आत्ता नक्की आठवतंय. मग मनात आलं, असेल मागे कुठेतरी सांगितलेलं, त्या दिवशी गॅसवाला आला होता तेव्हा निसटलं असेल. आणि पुढे गेले. पांढरं लुगडं समोर असून. दोष पुस्तकात असू शकतो, खुणेत असू शकतो, हे डोक्यातच आलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी वाचायची इतकी सवय झालीय की भोक हे भोक वाटतच नाही, ते विणीतलंच वाटतं.

परवा आई जेवताना काहीतरी सांगत होत्या, डॉक्टरांचं. मी मधूनच ऐकायला लागले आणि हूं म्हटलं. ते उद्या विचारेन.

उपाय मात्र सुचलाय, आणि तो अवघड नाही. खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. लग्नपत्रिका जाड असते, पुस्तक तिथेच उघडायला शिकतं आणि पट्टी पडली तरी आपण फसतो. दुकानाचं बिल हळूहळू कोरं होतं. पान दुमडणं वाचनालयाच्या पुस्तकात पाप, आणि पेन्सिलीचा ठिपका खोडायला कुणी जात नाही. म्हणून उठताना वहीत पानाचा आकडा लिहायचा आणि त्याच्यापुढे शेवटच्या ओळीतले तीन-चार शब्द. 'पान 112, ओसरीवर खाट टाकली.' दहा सेकंदांचं काम. पुढच्या वेळी ते शब्द सापडले तरच वाचायला सुरुवात, आणि सुरुवातही एक परिच्छेद मागून. दुसरं, काही अडलं तर दोन पानं मागे जाऊन बघायचं. त्याने रोजच्या 18 च्या 16 होतील. होऊ देत. वहीत आणखी एक रकाना पाडलाय, कादंबरीत कोण कोण आहे त्याचा. आठ-दहा नावं, नातं एका शब्दात. एखादं नाव चार दिवस दिसलं नाही की त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. तात्या तिथे असते तर मंगळवारीच सापडले असते.

चिनूबरोबर 'श्यामची आई' चाललंय, तिथे हा घोळ होतच नाही. साने गुरुजींनी पुस्तक रात्रींतच कापून दिलंय, 42 रात्री, प्रकरणाला नावच 'रात्र'. एका संध्याकाळी एक रात्र, संपली की पुस्तक बंद, खुणेची गरज नाही. मोठ्याने वाचायला पानाला अडीच मिनिटं लागतात आणि मध्ये "म्हणजे काय?" असतं, त्यामुळे एका रात्रीला कधी पंचवीस मिनिटं जातात. ती पानं मी माझ्या आव्हानात धरत नाही. आमची सतरावी रात्र झाली. चिनूला विचारलं तर आधीच्या सोळाही सांगता येतात, कुठल्या रात्री काय झालं ते. तिला कुणी मध्ये उठवत नाही.

आता प्रश्न या 23 पानांचा. 113 पासून परत वाचायचं, म्हणजे 148 पर्यंत नवीन आणि 149 ते 171 दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा वाचलेली मोजायची का? नियम मीच केलेत, पंच मीच, खेळाडूही मीच. तीन दिवस वाचलं ते वाचन नव्हतं असं ठरवलं तर परतची 23 धरता येतात आणि बेरीज बिघडत नाही. पण आजची क्लासबाहेरची पस्तीस मिनिटं खरंच छान गेली होती. तात्यांशिवायही.

वहीत 171 खोडलं, 112 लिहिलं. मागे आहोतच, त्यात आणखी 23. लग्नपत्रिकेची पट्टी चिनूच्या कंपासपेटीत ठेवून दिली, तिला हवीच होती. यांना विचारलं दिवा चालेल का, तर घोरण्यातच हो म्हणाले. पान 113 वर तात्या अजून ओसरीत बसून सुपारी कातरतायत. रात्री तीन पानांपुढे जात नाही हे माहीत आहे. म्हणजे आज तरी ते सुखरूप आहेत.