सुटे पैसे

शुक्रवार, रात्री साडेनऊ

भांडी घासून पालथी घातली, उद्याचे तांदूळ निवडून ठेवले, तरी सकाळची बस डोक्यातून जात नाही. म्हणून वही उघडली.

आज म्हापशाच्या बाजाराचा दिवस. डिचोलीहून सुटणारी सकाळची खाजगी मिनीबस शुक्रवारी कशी भरते ते या रस्त्याने रोज जाणाऱ्यालाच ठाऊक. त्यात श्रावण. तवशी, भेंडे, दोडकी, ओल्या फडक्याखाली तांबडी भाजी, अशा टोपल्याच टोपल्या. खिडक्यांच्या ताडपत्र्या खाली सोडलेल्या, आत ओल्या छत्र्यांचा कोंदट वास, आणि आत मुंगी शिरायला जागा नसताना कंडक्टर दारात लोंबकळत "म्हापशें, म्हापशें, म्हापशें" करतोय. आत आला की "फाटीं सरात, फाटीं सरात". सरकायला कुठे जागा असते? तरी सगळे थोडे थोडे सरकतात आणि आणखी चार माणसे मावतात.

मी पुढच्या दाराजवळ दांडा धरून उभी होते. मुळगावला एक मुलगा चढला. सोळा-सतरा वर्षांचा, हायर सेकंडरीत असावा. पाठीवर दप्तर, केस पावसाने कपाळाला चिकटलेले, छत्री नाही. माझ्या शेजारीच उभा राहिला. थोड्या वेळाने कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. डाव्या हाताच्या बोटांमध्ये उभ्या घडीच्या नोटा, उजव्या मुठीत नाणी. ती नाणी खुळखुळवली की तिकीट हा शब्द उच्चारावा लागत नाही. मुलासमोर नाणी वाजली. मुलगा ताडपत्रीकडे बघत म्हणाला, "दिल्यात."

कंडक्टर क्षणभर घुटमळला आणि पुढे सरकला. एवढ्या गर्दीत कुणी दिले, कुणी नाही, हे कसे लक्षात राहणार?

आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, कधी दिलेस? चढल्यापासून माझ्या बाजूलाच आहेस. हात तरी खिशात घातलास का?"

चोवीस वर्षे वर्गात उभी राहून शिकवते आहे. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय आहे. तो आज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचला. सगळ्या माना वळल्या. मुलाने खिशातून विसाची नोट काढली, चार घड्या घातलेली, आणि वर काही नाणी. देताना त्याचे कान लाल झाले होते. मागून कुणीतरी म्हणाले, "आजकालची पोरे!" टोपलीवाली बाई म्हणाली, "बरें केलें, टीचर." खरे सांगते, त्या क्षणी मलाही बरे वाटले.

अस्नोड्याला बस थांबली आणि मुलगा उतरला. पैसे म्हापशापर्यंतचे दिले होते. निम्मा रस्ता अजून बाकी होता आणि पाऊस धो धो कोसळत होता. एका दुकानाच्या पत्र्याखाली तो जाऊन उभा राहिला. बस हलेपर्यंत त्याने वर पाहिले नाही.

म्हापशाला उतरताना कंडक्टर मला म्हणाला, "टीचर, रातीं धन्याक हिशेब दिवचो पडटा. उणे पडल्यार म्हज्या बोल्सांतले वतात." म्हणजे कमी पडले की त्याच्या खिशातले जातात. मी मान हलवली आणि शाळेची वाट धरली. दिवसभर दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. कंडक्टरचा तो खिसा, आणि त्या मुलाचे कान.

शनिवार

दुपारी दादाला फोन केला. असे काही मनाला लागले की मी त्यालाच सांगते.

बसभाड्याचा विषय निघाला की दादा गप्प बसत नाही. 1978-79 मध्ये गोव्यातले विद्यार्थी बसभाड्यात 50 टक्के सवलत मिळावी म्हणून रस्त्यावर उतरले होते, त्यांत तोही होता. तेव्हा मी लहान. घरी बाबांचा आवाज चढलेला आणि दादा न जेवता बाहेर गेलेला, एवढेच आठवते. सवलत मिळाली. पुढच्याच वर्षी, 1980 मध्ये, कदंब हे सरकारी बस महामंडळ आले. दादा म्हणतो, सवलत मिळाल्यावर दप्तर दिसले की काही गाड्या थांबतच नसत. मुले स्टॉपवर हात करत राहायची आणि गाडी पुढे निघून जायची.

सगळे ऐकून घेऊन त्याने एकच विचारले, "तो पोरगा अर्धे देतो की पूर्ण?"

मला माहीत नव्हते. विचारायचे सुचलेही नव्हते.

मग कायद्यावर बोललो. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यातले कलम 124 सांगते की तिकीट किंवा पास नसताना बसमध्ये प्रवास करायचा नाही, आणि तिकीट गाडीतच मिळत असेल तर चढल्यावर लवकरात लवकर पैसे देऊन घ्यायचे. कलम 178 मध्ये दंड आहे, 500 रुपयांपर्यंत. दादाने मला मुद्दाम पुढचा भाग वाचून दाखवला. पैसे घेऊन तिकीट न देणाऱ्या कंडक्टरलाही तेच कलम लागते आणि दंडही तेवढाच. मी रोज ज्या बसने जाते तिच्यात तिकीट शेवटचे कधी मिळाले ते मला आठवेना.

रेल्वेत हे सोपे असते. थिवीला गाडीत बसलो की टीसी येईल हे माहीत असते. विनातिकीट सापडला तर भाडे आणि वर किमान 250 रुपये, पावती फाडून. शेजारच्या प्रवाशाला तोंड उघडावे लागत नाही. म्हापसा-पणजी शटल बसला तर खिडकीवर तिकीट काढल्याशिवाय गाडीत चढताच येत नाही. आणि रायबंदरहून चोडणला साध्या फेरीबोटीने चालत जाणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. तिथे बुडवायला काही नाही, म्हणून बुडवणाराही नाही. आपल्या मिनीबसमध्ये मात्र सगळा व्यवहार एका माणसाच्या आठवणीवर आणि बाकीच्यांच्या इमानावर चालतो. म्हणून "तुला काय करायचेय, तुझे पैसे आहेत का?" हे बोलणे मला पटत नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दारात लोंबकळणाऱ्या माणसाच्या मजुरीतून ते जातात. बघणाऱ्याने बोललेच पाहिजे, हे मी आजही म्हणते.

फोन ठेवल्यावर आईची आठवण आली.

मी आठवीत होते, अंगाने थोराड. आई मला घेऊन मामाकडे साखळीला निघाली होती. स्टॉपवर तिने माझी वेणी सोडून पुन्हा बुटकी बांधली आणि हळूच म्हणाली, "विचारले तर पाचवीत आहे म्हण. आणि गुडघे थोडे वाकव." मी फ्रॉकखाली गुडघे वाकवून उभी राहिले. कंडक्टर आला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग आईच्या पदराकडे. पदराला दोन ठिकाणी दोऱ्याने रफू केलेले होते. मग अर्धे तिकीट फाडून आईच्या हातात दिले. मला कितवीत आहेस म्हणून विचारले नाही. आई साखळी येईपर्यंत बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, "आता नीट उभी राहा." ते अर्धे तिकीट तिने पुष्कळ दिवस देवाच्या फळीवर ठेवले होते, का ते मला कधी कळले नाही.

त्या माणसाला सगळे दिसले होते. आज इतक्या वर्षांनी मला त्याबद्दल शंका नाही.

रविवार

एक गोष्ट शुक्रवारी लिहिली नाही. ती लिहिल्याशिवाय हे सगळे खोटे ठरेल.

आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ याच बसने जातात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चांगली नोकरी. कंडक्टर आला की ते पाचशेची नोट पुढे करतात. सकाळच्या पहिल्या फेरीला कंडक्टरकडे एवढे सुटे कुठून असणार? मग ते म्हणतात, "सुटे ना? बरें, फाल्यां दितां." म्हणजे उद्या देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नोट, तेच बोलणे. आठवड्यातून एखाद्या दिवशी पैसे देतात, तेही त्या दिवसापुरतेच. चार महिने मी हे बघते आहे. मुलाने एकदा बुडवले, तेही माझ्या डोळ्यांसमोर दोन मिनिटांत. यांचे मी चार महिने पाहिले आणि एक शब्द बोलले नाही.

का नाही बोलले? हे आजारी पडले तेव्हा रात्री अकरा वाजता याच माणसाने गाडी काढली होती. चवथीला आमच्याकडे आरतीला पहिले तेच येतात. मला वहिनी म्हणतात. त्यांना सगळ्या बससमोर "कधी दिलेत?" असे मी विचारू शकत नाही. जीभच उचलत नाही. आणि मुळगावच्या त्या मुलाला विचारताना जीभ जराही अडखळली नाही, कारण तो मुलगा होता, एकटा होता, आणि मी टीचर होते. हे लिहिताना हात जड झाला आहे, पण आहे ते असे आहे.

संध्याकाळी वाण्याकडे गेले आणि पाचशेचे सुटे मागून घेतले. चार शंभराच्या, एक पन्नासची, दोन विसाच्या, एक दहाची. दहाची नोट फाटकी होती, ती बदलून घेतली.

सोमवार

ते माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. कंडक्टर आला, नोट पुढे झाली. "सुटे ना?"

मी पुढे वाकले. "भाऊ, माझ्याकडे आहेत. आणा ती नोट."

आवाज हळू ठेवला होता. त्यांनी मागे वळून पाहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हते. "अरे वा, वहिनी," म्हणाले आणि नोट दिली. मी त्यांच्या हातात एकेक नोट मोजून ठेवली. त्यांनी भाडे दिले. कंडक्टर तिथेच उभा राहिला. बस मुळगावच्या वळणावर आली तरी हलेना. मग त्यांनी आणखी एक शंभराची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "फाटले धरून." म्हणजे मागचे धरून. कंडक्टरने ती घेतली, बोटांत खोवली आणि मागे गेला. त्या शंभरात चार महिन्यांचा हिशेब कुठला व्हायला? पण दोघांनीही तो तिथेच सोडला.

उतरताना ते माझ्याशी नेहमीसारखे बोलले, पावसाचे, चवथीचे. मला मात्र नेहमीसारखे बोलता आले नाही. छाती धडधडत होती. शुक्रवारी एवढे ओरडले तेव्हा धडधडली नव्हती.

मुळगावला मुलगा नव्हता.

गुरुवार

मंगळवारी नव्हता, काल नव्हता. आज होता. स्टॉपच्या मागे वडाखाली उभा, आज छत्री घेऊन. बस थांबली. मी खिडकीशी होते, ताडपत्री वर केलेली. त्याने मला पाहिले आणि छत्री थोडी खाली केली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. तो जागचा हलला नाही. बस सुटली.

मी कंडक्टरला विचारले, का नाही चढला?

"तो आतां फाटल्या बशीन येता." म्हणजे मागून येणाऱ्या बसने.

"त्या बसने त्याला कॉलेजला उशीर होत नाही?"

त्याने खांदे उडवले. मग मी दादाचा प्रश्न विचारला. विद्यार्थ्यांकडून अर्धे घेतोस की पूर्ण?

"अर्दें घेतल्यार म्हाका कितें उरतलें, टीचर?" रागाने नाही म्हणाला. खरोखरच विचारत असल्यासारखे म्हणाला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या खिशासाठी मी शुक्रवारी आवाज चढवला तो खिसा रिकामाच आहे, आणि तो थोडा भरायला त्या पोराकडून पूर्ण भाडे घेतले जाते. रोज सकाळी त्याच्या घरातून किती पैसे निघतात, निघतात की नाही, मला काय ठाऊक?

मी माझे भाडे दिले. तो वळला तेव्हा म्हटले, "तिकीट दे."

तो चकित झाला. शर्टाच्या खिशात शोधले, मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीवरून एक पुस्तक काढले. पावसाळ्याच्या दमट हवेने पाने एकमेकांना चिकटली होती. नखाने सोडवून त्याने एक पान फाडून दिले. शेजारच्या बाईने पाहिले आणि तीही म्हणाली, "म्हाकाय दी." तिलाही दिले.

ती गुलाबी चिठ्ठी वाळावी म्हणून या पानात ठेवली आहे.

उद्या शुक्रवार. मी मागच्या बसने जाणार आहे. शाळेत पोचायला उशीर होईल, म्हणून हेडबाईंना आत्ताच फोन करून सांगितले. मुळगावला तो चढेल. त्याच्याशी काय बोलायचे ते अजून ठरवलेले नाही. हळू बोलायचे, एवढेच ठरवले आहे.