आडवा मारुती

पुण्याहून निघताना बॅगेत मॅट होती, दोन रबरी पट्टे होते आणि मनात निश्चय होता: आठ दिवसांत हात पायाच्या अंगठ्याला लागलेच पाहिजेत. बँकेच्या खुर्चीत बावीस वर्षं काढल्यावर माझी कंबर वाकायचं विसरली आहे. गेल्या वर्षी एका वर्गात शिकवणाऱ्याने पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकलेलं असताना, माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवून जोरात दाबलं. मांडीच्या मागे टचकन काहीतरी झालं आणि पुढे तीन महिने मी कठड्याला धरून जिना उतरत होते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

खुलताबादला माझ्या धाकट्या काकू राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि आता सकाळी गच्चीवर पाच-सहा बायकांकडून आसनं करून घेतात. तिकडे जाणारा रस्ता दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून जातो. त्या कमानीत दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि आमची बस पाऊण तास जागची हलली नाही. मी घड्याळ बघत दात खात बसले होते. दात खात होते हे आत्ता लिहिताना आठवतंय, कारण पुढे त्याचाच संबंध आला.

पहिल्या सकाळी काकूंनी माझे पट्टे गुंडाळून कोपऱ्यात ठेवले. जानेवारीतली थंडी, गच्चीवर सतरंज्या, त्यावर वाकळी, लोड, उशा. तासाभरात आसनं फक्त चार आणि मग शवासन. गुडघे दुमडून बसून पुढे वाकायचं शशांकासन, पाठीवर पडून तळवे जुळवायचं सुप्त बद्धकोनासन, पडल्या पडल्या दोन्ही बाजूंना पीळ, भिंतीला पाय लावून विपरीत करणी. एकेक पाच-पाच मिनिटं. जिथे अंग जमिनीपर्यंत पोचत नाही तिथे खाली लोड सरकवायचा. ज्वारी भरून शिवलेली एक पिशवी काकू माझ्या कंबरेवर ठेवायच्या. श्वास सोडला की आतले दाणे सर्रकन बसायचे. पाठीवर कुणी दाबण्यात आणि हे वजन नुसतं असण्यात किती फरक आहे, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

पण मी तिथेही ओढूनताणूनच करत होते. काकू म्हणाल्या, "काहून एवढी धडपड करायलीस माय? कुणी परीक्षा घ्यायलंय का?" मग त्यांनी समजावलं. स्नायूला झटक्याने ताण दिला की तो तुटू नये म्हणून स्वतःच आखडतो, शरीराची ती राखण आहे. ताण हळू दिला, तिथेच थांबलं, उच्छ्वास लांबवला, की ही राखण ढिली पडते. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोकेही जरा सावकाश होतात. आणि हे काही नवं नाही, असं म्हणून त्यांनी पतंजलींची सूत्रं सांगितली. दुसऱ्या पादातलं 46 वं, 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या लगेच पुढचं 47 वं कुणी म्हणत नाही. 'प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्'. प्रयत्न सैल केला आणि चित्त अनंताशी लावलं की आसन साधतं. इतकी वर्षं क्लासची फी भरली, पण प्रयत्न कमी कर असं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

कळलं, पण वळलं नाही. रविवारीही खांदे कानापाशीच.

शनिवारी भद्रा मारुतीला निघालो होतो, पण गर्दी आणि भोंगे बघून अर्ध्या वाटेतून परत फिरलो. मला दर्शनाच्या रांगेतली ढकलाढकली सहन होत नाही. सोमवारी दुपारी गेलो तेव्हा गाभाऱ्यापाशी जेमतेम दहा माणसं होती. मारुती म्हणजे उभा, गदा पेललेला, नाहीतर हात जोडलेला, हेच डोळ्यात बसलेलं. इथे तो आडवा आहे. शेंदूर ल्यालेला, निवांत पहुडलेला. काकूंनी कथा सांगितली. भद्रसेन राजा रामाची भजनं म्हणत होता, ती ऐकत मारुती तिथेच आडवा झाला आणि त्याची भावसमाधी लागली. मग त्या हळूच म्हणाल्या, "द्रोणागिरी उचलणारा बी पडायलाय बघ."

मी कठड्याला धरून तशीच उभी राहिले. मागून कुणी ढकललं नाही. बारावीनंतर आडवं पडले की मला आळस केल्यासारखं वाटतं, तापात पडले तरी वाटतं. आणि इथे सगळ्यात बलवान देव आडवा आहे आणि लोक त्यालाच नमस्कार करायला रात्र-रात्र चालत येतात. श्रावणातल्या शनिवारसाठी तर संभाजीनगरहून पायी येतात.

दुसऱ्या सकाळी शशांकासनात गाल वाकळीवर टेकला होता. काकूंच्या जुन्या साड्यांची वाकळ, उन्हाचा वास येणारी. डोळ्यासमोर हिरव्या काठाचा एक तुकडा, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके, एक टाका जरा तिरका गेलेला. त्या टाक्याकडे बघत असताना माझा जबडा सुटला. तोपर्यंत तो आवळलेला होता हेही मला माहीत नव्हतं. त्यामागोमाग रडू आलं, कशाचं ते ठाऊक नाही, बराच वेळ आलं. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वाकळीने माझे पाय झाकून त्या पुढच्या बाईकडे गेल्या.

त्याच दिवशी उत्साहाने वेरूळला गेलो तर लेणी बंद. मंगळवारी बंद असतात, हे आमच्या लक्षातच राहिलं नाही आणि रिक्षाचे पैसे वाया गेले. बुधवारी पुन्हा गेलो. कैलास लेण्यात सहलींचा गोंगाट होता, तिथून लवकर निघालो. बाराव्या लेण्याच्या उंच पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. भिंतीशी ओळीने ध्यानस्थ बुद्ध. त्यांच्यासमोर गार दगडावर आम्ही दोघी अर्धा तास बसलो. मांडी दुखली तेव्हा मी पाय पसरले.

निघताना काकूंनी धपाटे बांधून दिले आणि ती हिरव्या काठाची वाकळ बॅगेत कोंबली. त्यासाठी मॅट बाहेर काढावी लागली, ती तिथेच राहिली. इथे पुण्यात खालच्या मजल्यावर सहा वाजता मिक्सर सुरू होतो, तरी मी वाकळ पसरते. काल सात मिनिटं थांबले. हात पोटरीच्या जरा खालपर्यंत जातात.