ऐरोली गच्ची लॉग: वारा फिरायची वेळ आणि पुढचा आठवडा

तर मंडळी, वाऱ्याची दिशा दाखवणारा वेन एकदाचा गच्चीवर बसला आणि नीट डेटा द्यायला लागलाय, त्यामुळे यावेळचा अंदाज हवामानाचं कॉम्प्युटर मॉडेल प्लस स्वतःचा ग्राफ असा दोन्ही बघून लिहितोय. आणि आता माझं पक्कं मत झालंय की एप्रिल-मे मधे आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात पहिला प्रश्न एकच विचारायचा, आज वारा किती वाजता फिरणार, म्हणजे पूर्वेचा थांबून समुद्राकडचा कधी सुरू होणार? कमाल तापमान काय लागेल ते त्यावरून आपोआप कळतं.

शुक्रवारचा ग्राफच घ्या. सकाळपासून पारसिकच्या डोंगराकडून पूर्वेचा कोरडा वारा चालू होता आणि पारा नुसता चढत होता, दीडच्या सुमारास ३७ आणि ह्युमिडिटी फक्त २७ टक्के. पावणेदोनला वेन चुळबुळ करायला लागला, आधी उत्तर, मग परत पूर्व, परत उत्तर, आणि मग एकदम खाडीकडे तोंड करून बसला तो संध्याकाळपर्यंत तिथेच. दोरीवरच्या चादरी इतका वेळ खाडीच्या दिशेने उडत होत्या त्या उलट्या डोंगराकडे उडायला लागल्या. पुढच्या वीस मिनिटांत पारा ३५ वर आला, ह्युमिडिटी ५० टक्के, दवबिंदू (हवेत बाष्प किती ते सांगणारं तापमान, जिथे दव पडायला लागतं) १५ वरून थेट २३! शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते असे मिनिटामिनिटाला ग्राफवर बघताना काय वाटतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हे होतं कसं ते नवीन लोकांसाठी थोडक्यात. जमीन तापली की समुद्रावरची गार हवा आत यायला बघते, पण वरच्या थरात पूर्वेचे वारे जोरात असले की ते तिला अडवून धरतात. त्यात ही पूर्वेची हवा सह्याद्रीवरून खाली उतरताना दाबली जाते आणि कोरडी हवा किलोमीटरमागे जवळजवळ १० डिग्री तापते. म्हणजे दीड किलोमीटर उंचीवर (तोच ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचा चार्ट आपण सगळे उघडून बसतो तो) २५ डिग्री असेल आणि हवा नीट ढवळली गेली तर खाली ३९-४० सहज. खारा वारा अकराला आला तर मात्र तोच दिवस ३४ वर थांबतो. सांताक्रूझचा ४२.२ चा रेकॉर्ड १४ एप्रिल १९५२ चा आहे, एवढ्या किनाऱ्याजवळ एवढा पारा चढतो तो असाच, खारा वारा अडून बसला की.

सेटअपचं पटकन सांगतो. कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक लावून ऊन अडवणारं शील्ड, आत एसएचटी३१ हा तापमान-ह्युमिडिटीचा सेन्सर, खालून हवा ओढायला छोटा पंखा. बोर्ड शील्डच्या बाहेर वेगळ्या डब्यात ठेवलाय कारण त्यावरची ईएसपी३२ ही कंट्रोलर चिप स्वतःच गरम होते. गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो म्हणून माझं किमान तापमान वेधशाळेच्या आकड्याशी लावू नका, त्यांचं मोजमाप गवतावर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत होतं. पण वारा फिरायची वेळ आणि दवबिंदूची उडी यात स्लॅबमुळे फरक पडत नाही, म्हणून तर हा डेटा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता पुढचा आठवडा. सोमवार-मंगळवार गुजरातच्या बाजूला हाय प्रेशर बसलेलं दिसतंय, म्हणजे आपल्याकडे पूर्व-ईशान्येचे वारे, खारा वारा दोनच्या आधी येईल असं वाटत नाही. ऐरोली-घणसोली ३८-३९, कळवा-मुंब्रा पट्टा तसाच, कल्याण-बदलापूर-कर्जत ४१ च्या वर गेलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. जीएफएस हे अमेरिकेचं हवामान मॉडेल इथे कमी दाखवतंय पण त्याचा एक चौकोन पाव डिग्रीचा, म्हणजे जवळपास २७ किलोमीटर, त्यात समुद्र, खाडी आणि डोंगर सगळं एकत्र कालवलं जातं, त्यामुळे त्याच्या आकड्यापेक्षा त्याची वाऱ्याची दिशा बघा. बुधवारी बदल. गुरुवारपासून वायव्येचे वारे साडेदहा-अकरालाच हजर, पारा ३४-३५ पण घामाच्या धारा, आणि रात्री २७-२८ च्या खाली काही उतरत नाहीत. शनिवार-रविवार मुरबाड, कर्जतकडे दुपारनंतर ढग वाढून वळीव पडू शकतो, आपल्याकडे फार तर धुळीचा वारा आणि लांबून गडगडाट. आंबेवाल्यांनी तेवढं लक्ष ठेवा.

आणि पारा खाली आला म्हणजे सुटलो असं गुरुवारनंतर कृपया समजू नका. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ डिग्री आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार जास्त असा आहे, म्हणजे ३६ ला लाट जाहीर होणार नाही, पण ३६ डिग्रीला ५० टक्के ह्युमिडिटी असली की अंगाला ४३ च्या आसपास जाणवतं आणि ते सावलीतलं, उन्हात अजून जास्त. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली तेव्हाही पारा चाळिशीच्या खालीच होता. घाम सुकत नाही तेव्हा शरीर गार होत नाही, इतकं सरळ आहे ते. घरातली म्हातारी माणसं, डिलिव्हरीवाली मुलं, बिल्डिंगचा वॉचमन, यांना बारा ते चार सांभाळा, पाणी-सरबत विचारा, आणि कोणी बरळायला लागलं किंवा अंग तापून चक्कर आली तर सावलीत घेऊन अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

सोमवार-मंगळवारसाठी एक काम आहे सगळ्यांना. घोडबंदर, कोपरखैरणे, पनवेल, डोंबिवली जिथे असाल तिथे वारा पश्चिमेकडे फिरल्याची वेळ लिहून ठेवा, वेन नसेल तर ह्युमिडिटी एकदम उडी मारते ती वेळ चालेल, सोबत कितवा मजला तेही टाका. मला बघायचंय की खारा वारा घोडबंदरला आधी पोचतो की ऐरोलीला, आणि पारसिक ओलांडून डोंबिवलीला जायला त्याला किती वेळ लागतो. वेळा आल्या की सगळ्या एका नकाशावर टाकून बुधवारी रात्री देतो.