मधे काही नाही

परवा दुपारी द्राक्षं धूत होतो. एक हातात आलं आणि उगाच मनात आलं, सूर्य एवढाच धरला तर? दुपारची झोप बुडाली की मला असले उद्योग सुचतात.

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. तो दीडेक सेंटिमीटरच्या द्राक्षात बसवला की पृथ्वी दीड मीटरवर येते. ओट्याच्या त्या टोकाला, धुळीच्या कणाएवढी. शोधायच्या फंदात पडू नये. गुरू आठेक मीटरवर, मोहरीएवढा. नेपच्यून ४५ मीटरवर, म्हणजे गल्लीतच. इथवर ठीक होतं. मग म्हटलं, पुढचं द्राक्ष कुठे? मे महिन्यात रात्री सांगलीतल्या गच्चीवरून दक्षिणेला अगदी खाली मित्र तारा दिसतो ना, अल्फा सेंटॉरी, तो. हिशेब केला तर ४१० किलोमीटर. मुंबई गाठून आणखी थोडं पुढे.

आणि मधे काही नाही.

हे 'काही नाही' माझ्या डोक्यात शिरेना. कारण तो रस्ता मला पाठ आहे. लहानपणी सुट्टीत रात्रीच्या एसटीनं बोरिवलीला आत्याकडे जायचो. पेठ नाक्यापर्यंत खिडकीसाठी भावाशी मारामारी. कऱ्हाडला आई गदागदा हलवून उठवणार, "जाऊन ये रे, आता गाडी लवकर थांबायची नाही." साताऱ्यात खिडकीखाली कंदी पेढेवाले. खंबाटकीत कुणीतरी हमखास ओकायचं आणि अख्ख्या गाडीत लिंबू फिरायचं. आता यातलं कऱ्हाड पुसा, सातारा पुसा, घाट पुसा, लिंबूही पुसा. मला नाही जमत. मी कऱ्हाड पुसतो, तर तिथे स्टँडवरचा कंडक्टर उभाच.

खगोलवाले म्हणतात, ताऱ्यांच्या मधल्या जागेत एका घन सेंटिमीटरमागे सरासरी एखादा अणू सापडतो. असेल. त्या अणूचंच वाईट वाटतं.

व्हॉयेजर १ हे यान १९७७ साली निघालं. ताशी ६१ हजार किलोमीटर वेगानं अजून पळतंय. माझ्या द्राक्षापासून ते किती लांब गेलं असेल? अडीचशे मीटर. आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या जरासं पुढे. तेही मित्राच्या वाटेला लागलेलंच नाही.

संध्याकाळी तासगावचे मामा बेदाण्याच्या सौद्याहून जेवायला आले. त्यांची स्वतःची बाग. द्राक्षाचं उदाहरण त्यांना तरी पटेल म्हणून सगळं सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्यांनी.

"आन् मधी?"

"काही नाही, मामा."

"येवढं सगळं रान पडीकच?"

"पडीकच."

मामा भाकरी मोडायचे थांबले. "आसंल बाबा," म्हणाले, आणि यंदा बेदाण्याला काय दर लागला ते सांगायला लागले.